एका खात्यातली भावंडं

सांता रुफिनाच्या वीज सहकारी संस्थेत इरुपे काउंटरवर बसायची. गावाची वीजही संस्थेचीच आणि इंटरनेटही संस्थेचंच, त्यामुळे कुणाच्या घरात काय बिघडलं हे घरच्यांच्या खालोखाल तिला कळायचं. लोक यायचे, टेबलापलीकडच्या खुर्चीत टेकायचे, तिने भरून दिलेला माते, तिकडचा कडवट पाल्याचा चहा, नळीने ओढायचे आणि मग तक्रारीकडे वळायचे. कधी कधी वळायचेही नाहीत, तसेच उठून जायचे.

त्या वर्षी फेब्रुवारीत, उन्हाळा सरता सरता, पाराना शहराहून नवे व्यवस्थापक आले, इंजिनियर बास्तेरिका. त्यांच्या पाठोपाठ मदतकक्षाचा प्रोग्राम आला. प्रोग्रामचा नियम सरळ होता. ज्याला संस्थेकडे काही मागायचं असेल त्याने आधी आपल्या ई-मेल पत्त्यावर खातं उघडायचं. मग त्या पत्त्यावरून आलेलं पत्र आपोआप विनंती म्हणून नोंदलं जाई, तिला नंबर मिळे, आणि काम झालं की इरुपेने ती मिटवायची. अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र खोळंब्याच्या कप्प्यात पडून राही. ते उघडून बघायचं, आणि माणूस आपला असेल तर आत घ्यायचा. सांता रुफिनात आपला नसलेला माणूस सापडणं कठीण, म्हणून पहिले काही दिवस इरुपेने सगळ्यांनाच आत घेतलं. त्यात एक गाद्या विकणारी कंपनीही आत आली आणि तिच्या नावाने रीतसर खातं उघडलं गेलं. तेव्हा इंजिनियरांनी तिला बोलावून जरा बघून घेत जा असं सांगितलं. रागावले मात्र नाहीत. स्वभावाने बरे होते, फक्त त्यांना सगळं जागच्या जागी लागायचं.

खातं घरबसल्या उघडता येतं हे सांगून सांगून इरुपेचा घसा बसला, पण लोक काउंटरवरच आले. घरी बसून खातं उघडायचं तर गप्पा कुणाशी मारायच्या? पाववाला इबार्रा आपला पासवर्ड खणखणीत आवाजात सांगून मोकळा झाला, आणि तो बायकोला लाडाने काय म्हणतो हे अख्ख्या रांगेला कळलं. पुढे महिनाभर त्या बाईला लोक त्याच नावाने हाक मारत होते.

बोर्दागाराय भावंडं मात्र काउंटरवर आली नव्हती. त्यांची भाची स्पेनला जाताना त्यांच्यासाठी घराच्या नावाने एक ई-मेल पत्ता करून गेली होती, आणि आता तिनेच तिकडून त्या पत्त्यावर खातं उघडून दिलं होतं. प्रोग्रामच्या लेखी तो एक ग्राहक होता. प्रत्यक्षात ती दोन माणसं होती, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती.

दोन्या, म्हणजे बाई, देल्फिना कार्निव्हलचे पोशाख शिवायची. सगळा हिवाळा तिच्या घरात टिकल्या आणि पिसं उडत असायची. दॉन आन्सेल्मो तिचा मोठा भाऊ, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. एकाच अंगणात समोरासमोर दोन लहान घरं होती, मध्ये आईने लावलेलं लापाचोचं झाड. झाडाच्या फांद्या संस्थेच्या तारेत जायच्या. एका वर्षी देल्फिना पोशाख पोचवायला ग्वालेग्वायचूला गेली असताना संस्थेची माणसं आली, आन्सेल्मोने सही केली, आणि ती परत आली तर अंगणात बुंधा. तिने सामान खाली ठेवलं, बुंध्याकडे पाहिलं, घरात गेली आणि दार लावलं. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. झाड कापलं होतं लाइनमन तादेओने. तोही तेव्हापासून त्या रस्त्याने जायचं टाळायचा.

इंटरनेटचं यंत्र देल्फिनाच्या स्वयंपाकघरात होतं, त्याचे सिग्नल अंगण ओलांडून आन्सेल्मोकडे जायचे. मार्च महिन्यात त्या पत्त्यावरून पहिलं पत्र आलं. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळेला इंटरनेट बंद पडतं, रोज पडतं, मिसियोनेसच्या एका गृहस्थाबरोबर पत्त्यांचा डाव चालू असतो तो अर्धा राहतो, कृपया लक्ष घालावं. इरुपे उत्तर लिहायला घेते तोच त्याच विनंतीत दुसरं पत्र येऊन बसलं.

‘वरील मजकुराकडे लक्ष देऊ नये. इंटरनेट उत्तम आहे. यंत्र तापतं म्हणून बाई झोपताना ते बंद करतात.’

तासाभराने तिसरं. ‘यंत्र तापण्यासाठीच असतं. चाळीस वर्षं यंत्रं उघडलेल्या माणसाने हे सांगितलं आहे.’

आणि संध्याकाळी चौथं. ‘ज्या माणसाच्या घरात चहाचं आधण जळून काळं होतं आणि त्याला पत्ता लागत नाही, त्याने आगीबद्दल बोलू नये.’

सगळी पत्रं एकाच नावाने, एकाच नंबरखाली. नवखा माणूस वाचता तर त्याला वाटलं असतं की कुणी तरी बसून स्वतःशीच भांडतंय. इरुपे हसली, तिने तादेओला बोलावून दाखवलं, तादेओने ते हिशेबनिसाला वाचून दाखवलं. हळूहळू ऑफिसला त्याची सवयच लागली. सकाळी माते फिरायला लागला की कुणी तरी विचारायचं, बोर्दागारायांचं काय म्हणणं आहे आज? इरुपे फक्त यंत्राबद्दलच्या गोष्टींना उत्तर द्यायची, बाकीचं सोडून द्यायची. पण वाचायची सगळं. आधणाची गोष्ट बाईला कळली कशी, हा विचार तिच्या डोक्यात एकदा येऊन गेला. अंगणापलीकडच्या चुलीवरचं भांडं काळं झालेलं दिसायला बरंच लक्ष ठेवावं लागतं.

महिन्याचा अहवाल निघाला तेव्हा इंजिनियरांनी भुवया उंचावल्या. एका ग्राहकाची एक विनंती, तिच्यात पानंच्या पानं, आणि ती अजून उघडी. इरुपेने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मग हा एक ग्राहक नाहीच, दोन आहेत. दोघांना वेगवेगळं खातं द्यावं, आणि रोजची कटकट नको म्हणून दॉन आन्सेल्मोला वेगळं यंत्रही बसवून द्यावं. यात चुकीचं काही नव्हतं. इरुपेलाही ते पटलं. तिला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, सुटतील एकदाची.

देल्फिना मंगळवारी आली. केस नीट बांधलेले, बाहीला एक सोनेरी टिकली चिकटलेली. तिने नवा ई-मेल पत्ता घेतला, पासवर्ड इरुपेच्या कानात सांगितला, आणि पर्स मिटता मिटता विचारलं, “आता मी लिहिलेलं ह्या खात्याबाहेर कुणाला दिसणार नाही ना?”

“नाही, दोन्या देल्फिना. तुमचं तुम्हाला आणि मला, बस.”

“त्यालाही नाही?”

“त्यांनाही नाही.”

“चांगलं झालं,” देल्फिना म्हणाली, पण उठली नाही. इरुपेने माते भरून दिला तो तिने शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

बुधवारी आन्सेल्मो आला. बहीण आदल्या दिवशी येऊन गेली हे त्याला ठाऊक होतं, त्याने खिडकीतून तिला सँडल घालून निघताना पाहिलं होतं. त्यानेही तोच प्रश्न विचारला, जरा फिरवून. जुन्या पत्त्यावरून लिहिलेली पत्रं यापुढे कुणी वाचणार नाही का? इरुपे म्हणाली, जुन्या पत्त्याचं खातं मी बंद केलंय. त्याने मान हलवली, डोळे बारीक करून पडद्यावर आपलं नाव शोधलं, बोट त्याच्या बरंच बाजूला टेकवलं आणि बरोबर लिहिलंय म्हणाला. डोळा अधू झालाय हे इरुपेच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यानंतर सामसूम. यंत्रं दोन, खाती दोन, भांडायला काहीच उरलं नव्हतं. पुढच्या अहवालात इंजिनियरांनी समाधानाने मिटलेल्या विनंत्यांची वर चढलेली हिरवी रेघ दाखवली. सकाळी मात्र ऑफिसात कुणी काही विचारेना, आणि तादेओ एकदा म्हणालाही, “आपण त्यांना सुटं केलं की तोडलं गं?”

ती गोष्ट इरुपेला टोचत होतीच.

मे महिन्यात आन्सेल्मोचं एक पत्र आलं. समोरच्या घरातल्या बाईंचं इंटरनेट व्यवस्थित चालू आहे ना, एवढंच. आठवड्याने देल्फिनाचं आलं. समोरच्या घरात भर दुपारी दिवा चालू असतो, तिथल्या मीटरमध्ये काही दोष आहे का, की तिथल्या माणसाला दिवसाही दिसत नाही? दोघांनाही इरुपेने नियमाप्रमाणे लिहिलं की दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही. ते वाक्य प्रोग्राममध्ये तयारच होतं, एक बटण दाबलं की येई. दाबताना तिला स्वतःचाच राग आला. आधी दोघं एकमेकांना टोमणे मारत होती, पण एकमेकांचं वाचत तरी होती. ती वाट आपणच बुजवली.

जुलैच्या ऐन हिवाळ्यात आन्सेल्मोची आणखी एक विनंती आली. तिच्यात त्याने लिहिलं होतं:

‘मी काही दिवस कोन्कोर्दियाला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जात आहे. माझ्या घरी अंधार दिसेल. दोन्या देल्फिना तक्रार करील, तरी तो बिघाड समजू नये व उगाच माणूस पाठवू नये. तिला कारण कळवू नये. ती जिवाला लावून घेते. आईच्या वेळेपासून तिला हॉस्पिटलचा वास सोसत नाही, प्रवासात तिला उलटी होते, आणि एवढं करून ती आलीच तर नर्सना शिकवायला जाईल.’

इरुपेने ते वाचलं आणि ठेवून दिलं. दोन दिवसांनी देल्फिनाचं पत्र आलंच. समोर अंधार आहे. काल होता, आजही आहे. तार तुटली असावी, लगेच बघावं. तासाभराने पुन्हा. कुणी आलं का? संध्याकाळी तिसऱ्यांदा, आणि त्यात तार, दिवा, मीटर असं काही नव्हतं. ‘तो दार उघडत नाही’, एवढंच होतं.

दोघांची पत्रं पडद्यावर शेजारी शेजारी उघडून इरुपे बसून राहिली. सांगायचं तर नियम मोडतो, वर म्हाताऱ्याने विश्वासाने सांगितलेलंही मोडतं. न सांगावं तर ती बाई समोरच्या बंद दाराशी उभी. शेवटी तिने आन्सेल्मोलाच लिहिलं की दोन्या देल्फिना फार काळजीत आहेत, तुमची परवानगी असेल तर तुमच्या विनंतीची एक प्रत त्यांना जाऊ द्या. उत्तर थोड्या वेळाने त्याच्या फोनवरून आलं, मोठमोठ्या अक्षरांत, निम्म्या शब्दांत चुका. ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. ‘प्रत द्या. पण डोळ्याचं किरकोळ आहे इतकंच कळावं. बाकीचं नको.’

इरुपेला हायसं वाटलं. तिने नीट विचार करून त्याच विनंतीत दोन ओळी लिहिल्या, दॉन आन्सेल्मो सुखरूप आहेत, डोळ्याचं किरकोळ ऑपरेशन झालंय, मग प्रतीच्या रकान्यात देल्फिनाचा पत्ता घातला आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर प्रोग्रामने सवयीप्रमाणे खाली काय काय गेलं ते दाखवलं. दोन ओळी गेल्या होत्या. त्यांच्याखाली ‘बाकीचं नको’ गेलं होतं. त्याच्याखाली उलटी आणि नर्स, सगळं पहिल्या ओळीपासून गेलं होतं.

गेलेलं पत्र मागे घ्यायची काही सोय आहे का म्हणून तिने सगळी बटणं धुंडाळली. नव्हती. अर्ध्या तासात दार ढकलून देल्फिना आत आली, अंगात घरचाच स्वेटर, केसही बांधलेले नाहीत. खुर्चीत बसली. इरुपेने तिला काही बोलूच दिलं नाही, आधी आपली चूक सांगून टाकली. फक्त वरच्या दोन ओळी जातील असं वाटलं होतं, सगळंच गेलं, दोष तिचा, दॉन आन्सेल्मोचा नाही.

“तुझी चूक असू दे,” देल्फिना म्हणाली. “लिहिलंय तर त्यानेच ना. मी नर्सना शिकवते म्हणे.”

इरुपेने पाण्याची किटली जवळ ओढली.

“आणि उलटीचं त्याला अजून लक्षात आहे?” तिचा आवाज जरा उतरला. “मी सात वर्षांची होते गं. पहिल्यांदा कोन्कोर्दियाला चाललो होतो, बसमध्ये. आईजवळ पिशवी नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी काढून माझ्यापुढे धरली. नवी होती, सणाला घेतलेली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, टोपी कुठंय? तर म्हणाला, वाऱ्याने उडाली. मार खाल्ला, पण सांगितलं नाही.”

इरुपेने माते भरला आणि तिच्यापुढे धरला. देल्फिनाने तो हातात घेतला, पण प्याली नाही. कोन्कोर्दियाची बस कितीला आहे, असं तिने विचारलं. इरुपे म्हणाली, सकाळी तादेओ सुटे भाग आणायला संस्थेची गाडी घेऊन तिकडेच चाललाय. तादेओचं नाव ऐकून देल्फिनाचं तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाली, “खिडकीपाशी बसेन. सांग त्याला.”

ती गेल्यावर इरुपे तशीच उठून इंजिनियरांच्या खोलीत गेली आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी ती विनंती आपल्या पडद्यावर उघडली, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. प्रत देताना मागचं सगळं जातं, हे सगळ्यांना लेखी कळवायला हवं, असं ते म्हणाले. हे असं पुन्हा व्हायचं नाही, असंही म्हणाले. ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, “डोळा बरा आहे ना पण म्हाताऱ्याचा?”

प्रवासात काय झालं ते तादेओकडून कळलं. देल्फिना मांडीवर एम्पानादांचा, म्हणजे सारण भरलेल्या खाऱ्या करंज्यांचा, डबा घेऊन खिडकी उघडी ठेवून बसली होती, थंडीने तादेओचे कान बधिर झाले तरी तो काही बोलला नाही. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, झाड तू कापलंस ना? तो म्हणाला, हो. ती म्हणाली, निदान सरळ तरी कापायचंस, बुंधा वाकडा राहिलाय. त्यावर तादेओने माफी मागितली, आणि तिने डब्यातली एक एम्पानादा काढून त्याच्या हातात दिली.

डबा धरायला म्हणून तो तिच्याबरोबर वॉर्डापर्यंत गेला होता. आन्सेल्मो पलंगावर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने फारसं दिसत नव्हतंच. पण पावलं ऐकून त्याने मान वळवली. मग तो म्हणाला, “वाटेत बरी होतीस?”

“बरी होते,” देल्फिना म्हणाली. “खिडकीशी बसले होते.”

तिने खुर्ची ओढून घेतली, डबा उघडला, आणि नर्स आली तेव्हा उशी इतकी खाली असू नये असं तिला सांगितलं. तादेओ म्हणाला, तेवढं ऐकून मी तिथून निघालो, माझे डोळे आधीच वाऱ्याने भरले होते.

पंधरवड्याने ती दोघं मिळून काउंटरवर आली. पुढे आन्सेल्मो, काळा चष्मा लावलेला, आणि त्याच्या कोपराला धरून देल्फिना, पायरी आहे, पायरी संपली, असं सांगत. त्यांना पुन्हा एकच खातं हवं होतं. इरुपेने सांगितलं की तसं करता येत नाही, पण एक करता येईल. खाती वेगळीच राहतील आणि कुणीही काही लिहिलं तरी त्याची प्रत आपोआप दुसऱ्याला जाईल. त्यासाठी दोघांची मान्यता लागेल. आणि ह्या वेळी तिने सगळं दोनदा समजावलं.

“प्रत म्हणजे सगळं जातं हं, दॉन आन्सेल्मो. पहिल्या ओळीपासून.”

“ते कळलंय मला,” आन्सेल्मो म्हणाला. “चांगलंच कळलंय.”

“मग लिहिताना जरा जपून लिहीत जा,” देल्फिना म्हणाली.

“तू आधी नीट लिही. चहाच्या आधणाचं कुणी लिहिलं होतं?”

“जळत होतं म्हणून लिहिलं.”

दोघं असं बराच वेळ चालवत राहिली, आणि मागची रांग बिनतक्रार ऐकत उभी राहिली. इरुपेने दोन्ही खात्यांत खूण केली. देल्फिनाने मग विचारलं की आता दोन यंत्रं कशाला, एक परत घेऊन जा. आन्सेल्मो लगेच म्हणाला, राहू दे, दुपारी मला डाव असतो. ते यंत्र राहिलं.

बोर्दागारायांची पत्रं त्यानंतर पहिल्यासारखी सुरू झाली आणि हिरवी रेघ पुन्हा खाली आली. ऑगस्टच्या शेवटी आन्सेल्मोने लिहिलं की नव्या चष्म्यातून संस्थेची पत्रं अंधूक दिसतात, अक्षर मोठं करायची काही सोय आहे का? इरुपेने उत्तर टाइप करायला घेतलं, तोवर प्रत वाचून देल्फिनाने लिहून टाकलं होतं. ‘तो वाचताना लांबचा चष्मा लावतो. आज जेवताना मी त्याला तोंडी सांगितलं आहे. विनंती मिटवावी.’

मागोमाग आन्सेल्मो. ‘मिटवू नये. चष्मा बदलून पाहिला. फरक आहे, पण तो तिने सांगितला म्हणून नाही.’

दुपारी इंजिनियर इरुपेच्या टेबलाशी थांबले, पडद्यावर वाकून पाहिलं आणि ही अजून उघडी का, असं विचारलं. ग्राहकाचं समाधान व्हायचंय, इरुपे म्हणाली. त्यांनी आणखी थोडं वाचलं, खालची ओळ, मग तिच्याही खालची नुकतीच येऊन पडलेली. मग खुर्ची ओढून बसले आणि माते घ्यायला हात पुढे केला.